वेग हाती, ब्रेकही हाती

अमेरिकेतील 'इम्सा'च्या मिशेलिन पायलट चॅलेंज मालिकेत टीसीआर गटाचे २०२३ चे विजेतेपद कॅनडाच्या रॉबर्ट विकन्सने मिळवले, तेव्हा पायांनी पेडल चालवणे त्याला शक्य नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये पोकोनो येथील इंडिकार शर्यतीत झालेल्या भीषण अपघातात त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली होती. २०२२ मध्ये तो शर्यतींत परतला तो हातांनी चालवण्याची सोय असलेली ह्युंदाई गाडी घेऊन. विशेष म्हणजे त्याचा सहकारी हॅरी गॉटसॅकर त्याच शर्यतीत तीच गाडी नेहमीप्रमाणे पायांनी चालवत असे. चालक बदलला की एक कळ फिरायची आणि गाडीचा ताबा हातांकडून पायांकडे जायचा.

अशा यशाची चर्चा बहुधा जिद्दीच्या अंगाने होते. जिद्द वादातीत आहेच, पण जिद्दीने ब्रेक लागत नाही. त्यासाठी हाताच्या बळाचा, बसण्याच्या पद्धतीचा आणि अपघाताच्या शक्यतेचा बारकाईने विचार करून बनवलेली यंत्रणा लागते. असा विचार मोठ्या शर्यतींतील कोट्यवधींच्या गाड्यांसाठी झाला आहे. मात्र ज्या लहान वाहनावर बहुतेक चालक शर्यतीचे पहिले धडे गिरवतात, त्या गो-कार्टच्या बाबतीत आपल्याकडे हा प्रश्न 'एक दांडी बसवली की झाले' इतका सोपा मानला जाण्याचा धोका आहे. प्रश्न तितका सोपा नाही आणि तो चुकीच्या पद्धतीने सुटला, तर त्याची किंमत अपंग चालकालाच मोजावी लागेल.

दिसायला सोपे वाहन

गो-कार्टइतके साधे मोटारवाहन दुसरे नाही. नळ्यांची चौकट, मागच्या आसाला जोडलेले इंजिन, आपोआप पकड घेणारा क्लच आणि दोन पेडल. उजव्या पायाने वेग वाढवायचा, डाव्याने ब्रेक दाबायचा. भाड्याने मिळणाऱ्या कार्टमध्ये गिअर नसतात. त्यामुळे हातांवर सोपवण्याची कामे दोनच उरतात. मोटारीच्या तुलनेत हा मोठाच फायदा होय.

दुसरा फायदा स्टिअरिंगचा. मोटारीचे चाक वळणावर दीड-दोन फेरे फिरवावे लागते आणि हातांची जागा सारखी बदलत राहते. कार्टचे स्टिअरिंग जवळजवळ थेट पुढच्या चाकांना जोडलेले असते. तीव्र वळणावरही ते अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी फिरते आणि दोन्ही हात आपापल्या जागी राहतात. म्हणूनच कार्टमध्ये वेगाची आणि ब्रेकची दांडी थेट स्टिअरिंगवर, बोटांच्या टप्प्यात बसवता येते. रस्त्यावरील मोटारींमध्ये सर्रास वापरली जाणारी 'ढकलली की ब्रेक, ओढली की वेग' अशी एका बाजूची दांडी कार्टला मानवत नाही. तिच्यासाठी एक हात कायमचा अडकून पडतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेले कार्ट वळणावर एका हाताने सांभाळणे अवघड असते.

ही रचना आपल्याकडील चालकांना अगदी अपरिचित आहे असेही नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला मागे दोन जादा चाके जोडून ती चालवणारे अपंग नागरिक राज्याच्या प्रत्येक शहरात दिसतात. वेग उजव्या मुठीत, ब्रेक बोटांत हा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. गल्लीतील गॅरेजमध्ये वेल्डिंग करून ही जादा चाके बसवून देणारे कारागीरही आहेत. तेव्हा कौशल्याची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. अडचणी सुरू होतात त्या पुढे.

खरी कसोटी ब्रेकची

पहिली अडचण ब्रेकची. मांडीच्या स्नायूंचा जोर आणि मुठीचा जोर यांत मोठी तफावत असते. पायाने सहज लागणारा ब्रेक बोटांनी दाबायचा, तर तेवढाच दाब कमी बळात निर्माण करावा लागतो. द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये त्यावर उपाय आहे. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जितका लहान, तितका त्याच बळाने मिळणारा दाब अधिक. १९ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याऐवजी १३ मिलिमीटरचा दट्ट्या वापरला, तर दाब दुपटीहून थोडा जास्त होतो. पण हा फायदा फुकट मिळत नाही. दट्ट्याला त्याच प्रमाणात अधिक अंतर सरकावे लागते आणि बोटांची झेप मर्यादित असते. दांडी मुठीला टेकली तरी ब्रेक पुरता लागलेला नाही, अशी स्थिती म्हणजे अपघाताला निमंत्रणच. त्यामुळे दट्ट्याचा व्यास, दांडीची लांबी आणि चालकाच्या पंजाचे माप यांचा मेळ घालणे हा या रचनेतील सर्वांत नाजूक भाग ठरतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारे कार्ट एका सेकंदात जवळपास १४ मीटर अंतर कापते. बोटे दांडीपर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर सात मीटर गेले. त्यातच सर्वसाधारण कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या आसावर असतो. तो एकदम आवळला, तर मागची चाके अडकतात आणि वाहन गर्रकन फिरते. म्हणजे ब्रेक जोरकस हवा आणि बोटांना त्याचा अंदाजही यायला हवा. निरोगी चालकाचा पाय हे हळूहळू शिकतो. हाताला शिकायला दांडीत तेवढी सूक्ष्मता असावी लागते.

दुसरी अडचण केबलची. स्टिअरिंगवर बसवलेल्या दांडीपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल चाकाबरोबर फिरते. तिला पुरेशी सैल वेटोळी दिली नाही, तर पूर्ण वळण घेताना ती ताणली जाते आणि चालकाने दांडीला हात न लावताही इंजिनाचा वेग वाढू शकतो. वळणाच्या ऐन मध्यात असे घडणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. म्हणून केबल बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून इंजिनाची गती बदलते का, हे तपासणे अनिवार्य ठरते. थ्रॉटलला एकाऐवजी दोन परतीच्या स्प्रिंगा असणे आणि ब्रेक दाबताच वेग तोडणारी व्यवस्था असणे, या गोष्टीही चैनीच्या नव्हेत. पायाने चालवताना चूक झाली तर पाय उचलता येतो. हातांवर मात्र वळवणे, वेग देणे आणि थांबवणे या तिन्ही कामांचा भार एकाच वेळी असतो.

विजेवर चालणाऱ्या कार्टने यातील काही गुंता कमी केला आहे. तेथे वेग वाढवणारी केबल नसते, विद्युतसंदेश असतो. बोटांच्या किंचित हालचालीवर तो देता येतो आणि वेगाची कमाल मर्यादा आधीच ठरवून देता येते. अनेक इलेक्ट्रिक कार्टचा वेग ट्रॅकवरील कर्मचारी दूरनियंत्रकाने कमी करू शकतात. नवशिक्या अपंग चालकासाठी ही सोय मोलाची आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र विजेवर सारी भिस्त ठेवणे सामान्य ट्रॅकला परवडणारे नाही. विकन्सने २०२५ मध्ये कॉर्व्हेट गाडीसाठी बॉशने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा वापरली खरी, पण तिच्यामागे मोठ्या कंपनीचे अभियंते आणि दीर्घ चाचण्या होत्या. भाड्याच्या कार्टला विजेशिवायही लागणारा ब्रेक असलाच पाहिजे.

पट्टा बांधावा की बांधू नये?

हात आणि ब्रेक यांची चर्चा होते, बसण्याची फारशी होत नाही. वस्तुतः गंभीर इजेचा संभव तेथेच अधिक असतो. शर्यतीच्या कार्टमध्ये सीटबेल्ट नसतो. कार्ट उलटले, तर चालक बाहेर फेकला जावा आणि वाहनाखाली चिरडला जाऊ नये, असा त्यामागील विचार आहे. निरोगी चालक वळणावर पाय रोवून आणि पोटाचे स्नायू आवळून स्वतःला आसनात धरून ठेवतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला हे दोन्ही आधार नसतात. पट्टा नसेल तर ती वळणावर कलंडते आणि तोल सावरण्यासाठी स्टिअरिंगलाच लटकते. पट्टा बांधला आणि डोक्यावर संरक्षक कमान नसेल, तर कार्ट उलटल्यावर सुटकेचा मार्ग बंद होतो. त्यामुळे पट्टा आणि कमान या दोन गोष्टी जोडीनेच याव्या लागतात. केवळ पट्टा बांधून 'आता सुरक्षित' असे समजणारा ट्रॅकचालक नकळत धोका वाढवत असतो.

शरीराच्या ज्या भागाला संवेदना नाही, त्याची काळजी यंत्ररचनेलाच घ्यावी लागते. कार्टचे इंजिन आसनाला खेटून असते आणि धुराड्याची नळी तापलेली असते. पाय किंवा मांडी तिला टेकली, तरी चालकाला चटका कळत नाही. कळते ते घरी गेल्यावर, भाजल्याची खूण दिसल्यावर. फायबरच्या कडक आसनावर एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. पायांत अचानक गोळे येऊन ते झटका देतात तेव्हा वेगाच्या पेडलवर आदळू शकतात. यासाठी पाय पट्ट्याने बांधणे, पेडल झाकणे किंवा सोडवून ठेवणे, इंजिनाच्या बाजूला उष्णतारोधक आडोसा देणे आणि आसनावर योग्य गादी घालणे हे उपाय आवश्यक आहेत. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत कण्याला इजा झालेल्यांना इजेखालील शरीरावर घाम येत नाही आणि शरीराचे तापमान आवरत नाही. मे महिन्यातील दुपारी हेल्मेट आणि जाड पोशाख घालून त्यांना ट्रॅकवर सोडणे वैद्यकीयदृष्ट्या गैर ठरेल.

याशिवाय अपंगत्व एकाच साच्याचे नसते. पोलिओमुळे पाय लुळे पडलेल्यांचे हात व धड बहुधा दणकट असतात. मानेतील इजेमुळे बोटांची पकड गेलेल्यांना आवळण्याची दांडी निरुपयोगी ठरते. त्यांना तळव्याने किंवा मनगटाने ढकलता येईल अशी रचना लागते. एक हात नसलेल्याचे दोन्ही पाय शाबूत असतील, तर त्याला पेडल हवेतच. सारांश, 'अपंगांचे कार्ट' नावाची एकच वस्तू बनवणे शक्य नाही. नेहमीच्या कार्टवर बसवता व काढता येतील असे सुटे भाग हाच व्यवहार्य मार्ग आहे.

नियम बदलले ते चालकांमुळे

हातांनी गाडी चालवण्याची परंपरा मोटारशर्यतींत जुनी आहे. स्वित्झर्लंडचा फॉर्म्युला वन चालक क्ले रेगाझोनी १९८० मध्ये लाँग बीच येथे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातात अधू झाला. पुढे तो हातांनी चालवायच्या गाड्या घेऊन पॅरिस-डकारसारख्या खडतर स्पर्धांत उतरला आणि अपंगांना शर्यतीचा परवाना मिळावा म्हणून झटला. इटलीच्या अ‍ॅलेक्स झानार्डीने सप्टेंबर २००१ मध्ये जर्मनीतील लाउझिट्झरिंग येथे दोन्ही पाय गमावले. २००३ मध्ये त्याच ट्रॅकवर त्याने हातांनी चालवण्याची सोय केलेल्या गाडीतून उरलेल्या १३ फेऱ्या पूर्ण केल्या आणि २००५ मध्ये जागतिक टुरिंग कार मालिकेत ओशर्सलेबेनची शर्यत जिंकली. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या फ्रेडरिक सॉसेने २०१६ मध्ये आपल्या साथीदारांसह 'ल मां'ची २४ तासांची शर्यत पूर्ण केली.

नियमपुस्तके मात्र मागेच राहिली होती. एप्रिल २०१७ मध्ये इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्क येथे बिली माँगर या किशोरवयीन चालकाचे दोन्ही पाय गेले, तेव्हा आंतरराष्ट्रीय सिंगल-सीटर शर्यतींत अपंग चालकांना मज्जाव होता. त्याने जागतिक संघटनेकडे दाद मागितली, मज्जाव उठला आणि २०१८ मध्ये तो ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला. २०१९ मध्ये त्याने फ्रान्समधील पाऊ ग्रां प्री जिंकली. आपत्कालीन स्थितीत गाडीतून झटपट बाहेर पडता येईल का, हा अशा प्रत्येक प्रकरणातील कळीचा मुद्दा असतो. तो रास्तही आहे. त्याचे उत्तर चाचणी घेऊन द्यायचे असते, सरसकट बंदी घालून नव्हे.

या साऱ्या नामवंतांपेक्षा सामान्य चालकांच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ते ब्रिटनमधील 'कार्टफोर्स'चे उदाहरण. व्हीलचेअर वापरणारे माजी सैनिक डेव्ह प्लेअर यांनी जखमी सैनिकांसाठी हा उपक्रम सुरू केला. हातांनी चालवायची सोय केलेल्या कार्टमधून पाय गमावलेले सैनिक शर्यतींत उतरू लागले. त्यातूनच पुढे 'टीम ब्रिट' हा अपंग चालकांचा संघ उभा राहिला. स्वस्त आणि बंदिस्त ट्रॅकवरील कार्टपासून आरंभ, चुका तेथेच सुधारणे आणि मग मोठ्या गाड्यांकडे वळणे, असा हा क्रम होता.

कायद्याने दार उघडले, पण कोणते?

भारतात या विषयाचा कायदेशीर इतिहास बोलका आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनासाठी 'इनव्हॅलिड कॅरेज' अशी संज्ञा होती. तिच्या व्याख्येत ते वाहन खास अपंग व्यक्तीसाठी बनवलेले असावे, 'केवळ फेरफार केलेले' नसावे, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे बाजारातील नेहमीची गाडी घेऊन तिच्यात बदल करणाऱ्याला व्याख्येतच जागा नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ बनावटीत बदल करण्यास कायद्याची मनाई असल्याचे अधोरेखित केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने जुनी संज्ञा गेली आणि 'अनुकूलित वाहन' ही नवी संज्ञा आली. खास बनवलेले आणि परवानगीने फेरफार केलेले, अशी दोन्ही वाहने तिच्यात बसतात. वेगळ्या गाडीकडून त्याच गाडीकडे, असा हा प्रवास आहे.

परंतु ही व्यवस्था रस्त्यासाठी आहे. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास प्रकारच्या वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळण्यात आले आहे. गो-कार्ट ते ट्रॅकबाहेर पडतच नाही. त्यामुळे त्याला हातांची यंत्रणा बसवताना परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. प्रयोगाला हे स्वातंत्र्य पोषक आहे, पण याचाच दुसरा अर्थ असा की, परिवहन खात्याचा निरीक्षक त्या ब्रेककडे पाहायला येणार नाही. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा मृत्यू झाला होता. साध्या भाड्याच्या कार्टमध्ये ही गत, तर फेरफार केलेल्या कार्टची जबाबदारी किती काटेकोरपणे घ्यावी लागेल, याची कल्पना करता येते.

खेळाच्या बाजूने पाहिले, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ३० स्पष्ट आहे. क्रीडासुविधांची अपंगांच्या दृष्टीने फेररचना करणे आणि त्यांच्या क्रीडागुणांना वाव देणारे तंत्रज्ञान विकसित करणे, ही जबाबदारी त्यात शासनाच्या यंत्रणांवर टाकण्यात आली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते. त्यांतील ५४ लाखांहून अधिक व्यक्तींचे अपंगत्व हालचालींशी निगडित होते. महाराष्ट्रातील अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. कार्टिंग हा या सर्वांचा अग्रक्रम असणार नाही, हे उघड आहे. ज्यांना बसथांब्यापर्यंत जाता येत नाही, त्यांना ट्रॅकवर नेण्याची भाषा कशाला, असा आक्षेपही घेतला जाईल.

या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. अपघातानंतर पाय गमावलेल्या व्यक्तीला पुन्हा वाहन चालवायचे असेल, तर हातांनी वेग आणि ब्रेक सांभाळण्याचा सराव कुठेतरी करावाच लागतो. आज तो बहुधा वाहत्या रस्त्यावर होतो. बंदिस्त ट्रॅक, मर्यादित वेग, समोरून येणारे वाहन नाही आणि बाजूला टायरांची भिंत, अशी जागा शिकण्यासाठी कितीतरी सुरक्षित आहे. नोकरीवर स्वतः जाता येणे आणि दुसऱ्याच्या सोयीची वाट पाहणे यांतील अंतर ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या सरावाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पुण्याच्या अंगणात

यासाठी लागणारे बहुतेक सारे घटक महाराष्ट्रात, त्यातही पुण्यात आहेत. वाहनांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देणारी 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था १९६६ पासून तेथे आहे. लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, तर मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात देशाला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, हा वारसाही याच राज्याचा. पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्पर्धांसाठी स्वतःच्या हातांनी कार्ट बनवतात. कोल्हापूरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या आहेत.

हे घटक एकत्र आणण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. स्टिअरिंगवरील दोन दांड्या, केबल, मोटारसायकलचा मास्टर सिलिंडर आणि पायांचे पट्टे हे साहित्य बाजारात मिळते. खर्च येतो तो चाचण्यांचा, संरक्षक कमानीचा आणि प्रशिक्षित मनुष्यबळाचा. व्हीलचेअरवरून जमिनीलगतच्या आसनात माणसाला उतरवणे आणि गरज पडल्यास काही सेकंदांत बाहेर काढणे, हे काम सद्भावनेने होत नाही, सरावाने होते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत हातांनी चालवायच्या कार्टचा स्वतंत्र गट ठेवता येईल. त्यांच्या रचना प्रत्यक्ष अपंग चालकांनी आणि पुनर्वसन तज्ज्ञांनी तपासाव्यात. हाताने लागणाऱ्या ब्रेकची किमान क्षमता, परतीच्या स्प्रिंगांची संख्या, पट्टा व कमान यांची जोडी आणि बाहेर काढण्याची वेळ, एवढ्या चार गोष्टींचे लेखी मानक ठरले, तरी ट्रॅकचालकांना आणि विमा कंपन्यांना आधार मिळेल.

असे मानक ठरण्यापूर्वीच घाईने बसवलेल्या दांडीमुळे एखादा अपघात झाला, तर काय होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. दोष सदोष ब्रेकला दिला जाणार नाही, 'अपंगांना ट्रॅकवर सोडलेच कशाला' असे विचारले जाईल आणि दारे बंद होतील. परदेशात चालकांना अशी दारे उघडून घेण्यासाठी झगडावे लागले. येथे रस्त्यापुरते तरी ते दार २०१९ मध्ये कायद्यानेच किलकिले केले आहे. ट्रॅकवर ते उघडे राहायचे असेल, तर कौतुकाच्या समारंभांआधी ब्रेकची चाचणी व्हायला हवी.